दुसरं गिधाड कुणी पाहिलं?

केव्हिन कार्टरची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नाव आठवत नसेल, गोष्ट नक्की आठवेल. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेपासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत ती सगळीकडे फिरून आली आहे.

सुदानमध्ये दुष्काळ. भुकेने कोसळलेली एक चिमुरडी. मागे टपून बसलेलं गिधाड. फोटोग्राफर फोटो काढतो आणि निघून जातो. त्याला पुलित्झर पुरस्कार मिळतो. मग एक दिवस फोन येतो. पलीकडचा विचारतो, त्या मुलीचं पुढे काय झालं? हा म्हणतो, माहीत नाही, मला विमान गाठायचं होतं. तिथे गिधाडं किती होती? एक. पलीकडचा म्हणतो, दोन होती, दुसऱ्याच्या हातात कॅमेरा होता. कार्टर खचतो आणि जीव देतो.

खाली जोडलेले हात आणि माणुसकी जपण्याचं आवाहन.

फोन कुणी केला होता?

नाव नाही. रेडिओवर होता की टीव्हीवर? कुठला कार्यक्रम? तारीख कोणती? काही नाही. एका नामवंत माणसाचा जीव घेणारा संवाद, आणि तो ऐकलेला एकही माणूस पुढे येत नाही. संवाद मात्र सगळ्यांना तोंडपाठ.

भाजीची जुडी घेताना आपण ती उलटीपालटी करून बघतो. मेलेल्या माणसाचं चरित्र मात्र डोळे मिटून घेतो.

या गोष्टीचं मूळ शोधता येतं, आणि त्यासाठी फार दूर जावं लागत नाही. कार्टर गेल्यानंतर दीडेक महिन्याने, १२ सप्टेंबर १९९४च्या ‘टाइम’ साप्ताहिकात स्कॉट मॅक्लाउड यांचा त्याच्यावरचा मोठा लेख आला. फ्लोरिडातल्या ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’ या दैनिकाने कार्टरवर केलेल्या टीकेचा त्यात उल्लेख आहे. यातनांची चौकट जुळवत बसलेला हा माणूस म्हणजे तिथलं दुसरं गिधाडच, असा त्या टीकेचा आशय. म्हणजे दुसरं गिधाड होतं. ते वर्तमानपत्राच्या ओळीत होतं, फोनवर नव्हतं. तू त्या लेकराला मदत का केली नाहीस, असं कार्टरच्या काही मित्रांनीही विचारलं होतं, हेही मॅक्लाउड लिहितात. फोनवरचा तो संवाद मात्र त्यांच्या लेखात कुठेच नाही.

छापील टीकेचा फोन झाला, फोनचा जाब झाला आणि जाबाचा मृत्युदंड.

हे फक्त ग्रुपपुरतं राहिलं असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं. २८ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात स्थलांतरित मजुरांच्या हालांवर सुनावणी सुरू होती. सरकारवर टीका करणाऱ्यांना उत्तर देताना सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी हीच गोष्ट न्यायालयात सांगितली. तोच संवाद, तीच दोन गिधाडं. लाखो माणसं उन्हातून चालत घरी निघाली होती, आणि देशाच्या सर्वोच्च न्यायालयात त्यांच्यासंबंधीच्या युक्तिवादाला आधार होता एका निनावी संवादाचा.

खोटं चरित्र निरुपद्रवी असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी.

आता नोंदींत काय आहे ते बघू. मार्च १९९३. ठिकाण आयोद, आज हे गाव दक्षिण सुदान देशात येतं. कार्टर तिथे एकटा गेला नव्हता. जोहान्सबर्गचाच फोटोग्राफर जुआव सिल्वा बरोबर होता. दोघे संयुक्त राष्ट्रांच्या ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ या मदत मोहिमेच्या विमानाने आले होते. विमानातून अन्न उतरत होतं, गावातली माणसं ते घ्यायला धावली होती आणि अन्नवाटपाचं केंद्र जवळच होतं. फॉरवर्डमध्ये ओसाड माळरान आहे, त्यात एक मूल, एक पक्षी आणि एक निर्दय माणूस. केंद्र नाही, विमान नाही, सिल्वा नाही.

आणि युद्ध तर मुळीच नाही.

आयोदची उपासमार काही नुसत्या आभाळाने आणली नव्हती. सुदानमध्ये यादवी सुरू होती. १९९१ मध्ये दक्षिणेतल्या बंडखोरांत फूट पडली आणि ते एकमेकांच्या मुलखावर तुटून पडले. गावं जळाली, गुरं गेली, पेरण्या बुडाल्या. आयोद, कोंगोर आणि वाट या तीन गावांच्या मधल्या पट्ट्याला मदत करणारे लोक भुकेचा त्रिकोण म्हणत. मूल भुकेलं का होतं, याचं उत्तर या पट्ट्यात आहे. पण फॉरवर्ड वाचून आपला सगळा राग कुणावर जातो? बंदुकवाल्यांवर नाही, कॅमेरावाल्यावर.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो फोटो २६ मार्च १९९३ रोजी छापला. वाचकांनी विचारायला सुरुवात केली, त्या मुलाचं काय झालं? चारच दिवसांनी, ३० मार्चला, संपादकांनी खुलासा छापला. गिधाडाला हाकलल्यावर मूल उठून पुन्हा चालू लागण्याइतकं सावरलं होतं, असं फोटोग्राफर सांगतो. ते केंद्रापर्यंत पोचलं की नाही हे माहीत नाही. बस. जेवढं कळलं तेवढं लिहिलं, जे कळलं नाही ते कळलं नाही असं लिहिलं. चरित्र लिहिणाऱ्याने शिकावा असा हा खुलासा आहे, आणि नेमका तोच कुणी फॉरवर्ड करत नाही.

पण त्या वर्तमानपत्राचंही एक चुकलं. फोटोखालच्या ओळीत ‘छोटी मुलगी’ असं छापलं होतं. पुढे ‘टाइम’नेही मुलगीच लिहिलं. लेखांत मुलगी, पुस्तकांत मुलगी, भाषणांत मुलगी.

तो मुलगा होता.

२०११ मध्ये स्पेनच्या ‘एल मुंदो’ या दैनिकाचे पत्रकार आल्बेर्तो रोहास आयोदला गेले. त्यांनी गावातल्या लोकांना विचारलं, मुलाच्या वडिलांना शोधून काढलं. मुलाचं नाव काँग न्योंग. तो त्या वेळी वाचला होता. गिधाडाने त्याला खाल्लं नाही, भुकेनेही मारलं नाही. तो मोठा झाला आणि २००७ च्या सुमारास तापाने गेला.

आणि पुरावा कुठे होता म्हणता? फोटोतच. त्या मुलाच्या उजव्या मनगटावर प्लास्टिकचा पट्टा आहे, त्यावर ‘टी ३’ अशी खूण आहे. ‘टी’ म्हणजे तीव्र कुपोषण, ‘३’ म्हणजे केंद्रात नोंद झालेलं तिसरं मूल, असा अर्थ ‘एल मुंदो’ने लावून दाखवला. म्हणजे मूल वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं, मदत केंद्राने त्याला आधीच दप्तरी घेतलं होतं. जगाने अठरा वर्षं तो फोटो पाहिला. रडत पाहिला, शिव्या देत पाहिला, भाषणात दाखवला. मनगट फार थोड्यांनी पाहिलं.

फोटोग्राफरच्या चरित्राची पडताळणी करायची तर पहिला कागद कुठला? त्याचा फोटो. तोही पूर्ण, कडेपर्यंत. आपण मात्र फोटो सोडून फोटोखालची गोष्ट वाचतो.

आता मृत्यूविषयी. इथे जरा सावकाश बोललं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त घाई इथेच झाली आहे.

पुलित्झर जाहीर झाला १२ एप्रिल १९९४ रोजी. सहा दिवसांनी, १८ एप्रिलला, जोहान्सबर्गजवळच्या थोकोझा वस्तीत गोळीबार झाला. कार्टरचा जिवलग मित्र, फोटोग्राफर केन ऊस्टरब्रुक त्यात मारला गेला. दुसरा मित्र ग्रेग मारिनोविच गंभीर जखमी झाला. कार्टर दुपार होण्याआधीच तिथून शहरात परतला होता, बातमी त्याला रेडिओवर कळली. कार्टर, ऊस्टरब्रुक, मारिनोविच आणि सिल्वा या चौघांना ‘बँग बँग क्लब’ म्हणत. वर्णद्वेषी राजवटीच्या अखेरच्या वर्षांतला रक्तपात रोज जवळून टिपणारी ही माणसं. कार्टरला अमली पदार्थांचं व्यसन होतं. डोक्यावर देणी होती. कामं हुकत होती. जुलैमध्ये मोझांबिकला ‘टाइम’साठी काढलेली सगळी फिल्म तो परतीच्या विमानातच विसरला आणि ती कधीच सापडली नाही. २७ जुलै १९९४ रोजी त्याने आयुष्य संपवलं, तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

त्याने मागे ठेवलेल्या चिठ्ठीत मृतदेहांच्या आठवणी आहेत, उपाशी आणि जखमी मुलं आहेत, बंदूक चालवायला आसुसलेली माणसं आहेत. पैशाची चणचण पुन्हा पुन्हा आहे. भाड्याला पैसे नाहीत, मुलीच्या खर्चाला पैसे नाहीत. चिठ्ठीत फोनही आहे.

फोन उरला नाही, असा.

आत्महत्येला एकच कारण चिकटवण्याची आपल्याला भलती घाई. परीक्षेत नापास झाला म्हणून, प्रेमात हरला म्हणून, फोटो काढला म्हणून. मानसिक आजाराविषयी काम करणारी माणसं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत की आत्महत्येमागे सहसा अनेक गोष्टी एकत्र येतात. पण अनेक गोष्टींचं बोधवाक्य होत नाही. बोधवाक्याला एकच कारण लागतं, म्हणून कार्टरला एकच मिळालं.

त्याच्या नावावर एक प्रार्थनाही फिरते. ताटात अन्न टाकणार नाही, त्या बालकाचं रक्षण कर, अशी. म्हणे त्याच्या डायरीत सापडली. डायरी कुणी पाहिली? कुठे छापली? कुठल्या पानावर? उत्तर नाही. अन्न वाया घालवू नये हे सांगायला मेलेल्या माणसाच्या तोंडी खोटी प्रार्थना घालायची गरज काय? ते सरळ सांगता येतं. सांगितलंच पाहिजे. त्यासाठी सही खोटी करायला लागते का?

आणि या सगळ्यात खरा कार्टर कुठे गेला? दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलात सक्तीची नोकरी करताना मेसमधल्या एका काळ्या वेटरची बाजू घेतली म्हणून गोऱ्या सहकाऱ्यांकडून मार खाल्लेला पोरगा. १९८३ मध्ये प्रिटोरियातल्या चर्च स्ट्रीटचा बॉम्बस्फोट जवळून पाहिलेला जवान. शनिवार-रविवारच्या क्रीडा सामन्यांचे फोटो काढत वर्तमानपत्रात शिरलेला आणि पुढे काळ्यांच्या वस्त्यांतल्या हिंसाचारात कॅमेरा घेऊन उतरलेला गोरा माणूस. हे आयुष्य त्याच ‘टाइम’च्या लेखात आहे. फॉरवर्डला ते नको आहे. ज्याने आयुष्यात एकदा तरी दुसऱ्यासाठी मार खाल्ला आहे त्याला गिधाड ठरवणं अवघड जातं.

आता कुणी म्हणेल, मग काय, माणसाने स्वतः सांगितलेलं तेवढं खरं धरायचं?

तेही नाही. रॉबर्ट कापा घ्या. युद्धाच्या फोटोग्राफीतलं सगळ्यात मोठं नाव. हे नावसुद्धा मूळचं नव्हे. बुडापेस्टमध्ये १९१३ साली जन्मलेल्या एन्द्रे फ्रीडमनने पॅरिसमध्ये गेर्डा टारोच्या साथीने ते घडवलं, आणि त्या नावावर सुरुवातीला दोघांचेही फोटो गेले. ६ जून १९४४ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर कापा सैनिकांबरोबर उतरला. त्याने स्वतः पुस्तकात लिहिलं की शंभरावर फोटो काढले होते, पण लंडनच्या डार्करूममधल्या पोऱ्याच्या हातून घाईघाईने वाळवताना बहुतेक वितळले, मोजके उरले. सत्तर वर्षं ही गोष्ट प्रत्येक चरित्रात होती. २०१४ पासून समीक्षक ए. डी. कोलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिल्म, डार्करूम, वेळा सगळं तपासलं आणि निष्कर्ष मांडला की फिल्म अशी वितळत नाही. बाकीचे फोटो मुळात काढलेलेच नसावेत. ‘लाइफ’चे तेव्हाचे लंडनमधले चित्रसंपादक जॉन मॉरिस यांनी आयुष्यभर ती डार्करूमची गोष्ट सांगितली होती. उरलेल्या फिल्मवर काहीच नसेल, ही शक्यता त्यांनीही २०१४ मध्ये मान्य केली.

यात कापा लहान झाला का? गोळ्यांच्या वर्षावात तो पाण्यात उतरला होता, एवढं पुरेसं मोठं आहे. फक्त डार्करूममधला तो बिचारा पोऱ्या सत्तर वर्षं उगाच दोषी राहिला.

आपल्याकडे यायचं तर होमाय व्यारावाला. मुंबईत वाढलेल्या, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालेल्या. ऑनलाइन चरित्रांत त्या कधी ‘भारतातल्या पहिल्या महिला छायापत्रकार’ असतात, कधी ‘भारतातल्या पहिल्या महिला छायाचित्रकार’. पहिलं म्हणायला आधार आहे. दुसरं म्हणाल तर कोलकात्याच्या अन्नपूर्णा दत्त कुठे जातील? त्या व्यारावाला यांच्याआधी फोटोग्राफीवर पोट भरत होत्या. एका बाईला मोठं करताना दुसरी पुसली जाते, आणि पुसणाऱ्याला पत्ताही नसतो.

शिवाय व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो छापले गेले ते त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने. म्हणजे फोटोखाली छापलेलं नावसुद्धा शेवटचा पुरावा नाही. उलट ‘डालडा १३’ हे त्यांचं टोपणनाव ऐकायला दंतकथा वाटतं. जन्म १९१३चा, पतीशी ओळख तेराव्या वर्षी, पहिल्या गाडीचा नंबर डीएलडी १३. कुणाला खरं वाटेल? पण हे नोंदलेलं आहे. सबीना गडिहोक यांनी व्यारावाला यांच्याशी वर्षानुवर्षं बोलून २००६ मध्ये त्यांच्यावर पुस्तक केलं. तिथे जाऊन पाहता येतं.

कानाला खोटं वाटणारं खरं निघतं आणि काळजाला भिडणारं खोटं. म्हणून कानावर आणि काळजावर सोडून चालत नाही, कागद लागतो.

कागद म्हणजे काय, हेही सांगायची वेळ आली आहे. दहा ठिकाणी तेच वाक्य तशाच शब्दांत सापडलं म्हणजे दहा पुरावे होत नाहीत. तो एकच पुरावा, नऊ वेळा उचललेला. त्याहून वाईट म्हणजे वर्तुळ. नेटवरचं वाक्य घाईतला वार्ताहर बातमीत घेतो आणि मग त्याच वाक्याखाली आधार म्हणून ती बातमी लावली जाते. वाक्याने स्वतःचीच साक्ष काढली. न्यायालयात हे चालेल का? (२८ मे २०२० आठवून मी हा प्रश्न मागे घेत नाही, उलट जोरात विचारतो.)

‘असं म्हटलं जातं’ दिसलं की थांबा. म्हणणारा कोण?

तो तिथे होता का, की त्याने तिथे असलेल्याकडून ऐकलं? त्याने हे कधी सांगितलं, लगेच की तीस वर्षांनी? छापलं कुठे? आणि छापणाऱ्याने चूक कबूल केल्याचं कधी कुठे दिसतं का? हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. चार दिवसांत खुलासा छापणारं वर्तमानपत्र चुकलं तरी विश्वासाचं, कारण ते कुठे चुकलं हे तुम्हाला सापडतं. कधीच न चुकणाऱ्या फॉरवर्डचं काय करायचं?

वेळ कुणाला आहे, असं विचारू नका. कार्टरवरचा ‘टाइम’चा लेख फॉरवर्डपेक्षा लांब आहे, पण एका बैठकीत वाचून होतो. त्या फोनला आधार नाही हे त्या बैठकीत कळतं. भाषणासाठी शाल आणि नारळ घेणाऱ्या वक्त्याला तेवढा वेळ काढता येत नाही?

शिक्षकांना तर माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलांना हा फोटो जरूर दाखवा. पण मनगटही दाखवा. आयोद नकाशावर दाखवा, युद्ध सांगा, आणि तो मुलगा वाचला होता हेही सांगा. आठवीच्या पोराला दोन गिधाडांचं वाक्य पाठ करायला लावून ढाल मिळवून देण्यापेक्षा ‘हे कुणी सांगितलं?’ असं विचारायला शिकवलं तर ते त्याला जन्मभर पुरेल.

आणि मराठीत ऑनलाइन चरित्रं लिहिणाऱ्यांनो, तुम्ही फुकट लिहिता, रात्री जागून लिहिता, आपल्या भाषेत माहिती यावी म्हणून लिहिता. त्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच मागतो. प्रत्येक दाव्याखाली कुणी सांगितलं, कुठे छापलं आणि कधी, एवढं लिहा. ज्याखाली हे लिहिता येत नाही ते वाक्य कितीही सुंदर असलं तरी काढून टाका. सुरुवात केव्हिन कार्टरच्या मराठी चरित्रापासून करा. फोन काढा, डायरी काढा, ‘मुलगी’च्या जागी ‘मुलगा’ करा, आणि काँग न्योंग हे नाव लिहा.